जुन्या आलिशान गाडीचे सस्पेन्शन : बिघाड, निदान आणि दुरुस्तीचा खर्च (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गाडी तिच्या मूळ किमतीच्या लहानशा हिश्श्यात मिळाली. मग सस्पेन्शनच्या दुरुस्तीचा आकडा एवढा मोठा का येतो?

गाडीची बाजारातील किंमत वयाबरोबर उतरते, परंतु तिच्या सुट्या भागांची किंमत ती गाडी नवी असताना ज्या दर्जाची होती त्या दर्जालाच बांधलेली राहते. पंधरा वर्षांच्या वापरानंतर एखादी मोठी सेडान साध्या नव्या गाडीच्या भावात मिळू लागली, तरी तिचा पुढचा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर यांचा एकत्र जोड) साध्या गाडीच्या भावात मिळत नाही. त्यातच भागांची संख्याही जास्त असते. साध्या गाडीला पुढच्या प्रत्येक चाकामागे बहुधा एकच लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी खालची भुजा) असतो, तर मल्टिलिंक म्हणजे अनेक आर्मच्या रचनेच्या ऑडीसारख्या गाडीत पुढच्या दोन चाकांना मिळून आठ आर्म असतात आणि प्रत्येकाला स्वतःचा बुश (धक्के सोसणारा रबरी जोड) आणि बॉल जॉइंट (चाकाला वळू देणारा गोलाकार सांधा) असतो. हे सगळे जवळजवळ एकाच वयाचे असल्यामुळे थकतातही जवळजवळ एकाच सुमारास. म्हणून अशी गाडी घेताना देखभालीचा अंदाज तिच्या आजच्या किमतीवरून न बांधता ती नवी असताना कोणत्या वर्गात मोडत होती त्यावरून बांधावा.

माझ्या गाडीत नेमके कोणत्या प्रकारचे सस्पेन्शन आहे, हे आधी का पाहावे?

कारण एकच लक्षण वेगवेगळ्या रचनांमध्ये वेगवेगळ्या बिघाडाकडे बोट दाखवते. पोलादी कॉइल स्प्रिंग आणि साधे शॉक अॅब्सॉर्बर ही सर्वांत सोपी रचना आहे. तीच रचना ठेवून शॉक अॅब्सॉर्बरमध्ये विजेवर चालणारा व्हॉल्व्ह बसवला, की तो नियंत्रित शॉक अॅब्सॉर्बर होतो. तिसऱ्या प्रकारात पोलादी स्प्रिंगच्या जागी हवेने भरलेली रबरी पिशवी असते, आणि चौथ्या प्रकारात उच्च दाबाच्या तेलावर गाडी तोलली जाते.

हे प्रकार वाटतात तेवढे नवे नाहीत. सिट्रोएन डीएस १९५५ साली तेल आणि नायट्रोजनवर चालणारे सस्पेन्शन घेऊन आली, कॅडिलॅकने १९५७ च्या एल्डोराडो ब्रॉअमला हवेच्या स्प्रिंगा दिल्या, आणि १९६५ च्या रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोमधील उंची राखणारी हायड्रॉलिक यंत्रणा सिट्रोएनच्या परवान्याखाली तयार झालेली होती. आज वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात ज्यांचे प्रश्न अधिक येतात त्या मात्र नंतरच्या पिढीतल्या आहेत : १९९८ पासूनची मर्सिडीज-बेन्झ एस-क्लास (डब्ल्यू २२०) आणि तिचे एअरमॅटिक नावाचे हवेचे सस्पेन्शन, १९९४ पासूनची दुसऱ्या पिढीची रेंज रोव्हर, २००२ पासूनची ऑडी ए८ आणि २००३ पासूनची जॅग्वार एक्सजे. एकाच मॉडेलमध्ये वर्ष आणि श्रेणी यांनुसार रचना बदलत असल्याने भाग मागवताना केवळ मॉडेलचे नाव न सांगता चेसिस क्रमांक द्यावा.

रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसते. काय बिघडले असेल?

हवेच्या सस्पेन्शनमध्ये याचा अर्थ जवळजवळ नेहमीच गळती हा असतो, आणि गाडी कशी बसली यावरूनच निम्मे निदान होते. एकच कोपरा खाली आला असेल, तर त्या चाकाची एअर स्प्रिंग, तिच्याकडे जाणारी नळी किंवा नळीचा जोड यांवर प्रथम संशय घ्यावा. पुढची अथवा मागची दोन्ही चाके एकसारखी बसली असतील किंवा बसणारा कोपरा दर वेळी बदलत असेल, तर चारही स्प्रिंगांना हवा वाटून देणारा व्हॉल्व्ह ब्लॉक तपासावा, कारण त्यातील सील झिजले की हवा एका बाजूकडून दुसरीकडे किंवा बाहेर झिरपू लागते. गाडी मुळीच बसत नाही, पण चालताना एकीकडे तिरकी राहते, असे असेल तर हवा शाबूत असून उंची मोजणारा सेन्सर किंवा त्याची बारीक दांडी सदोष असण्याचा संभव अधिक असतो; आणि सेन्सर हा एअर स्प्रिंगच्या मानाने पुष्कळच स्वस्त भाग आहे.

डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये. चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर चारही ठिकाणी रात्री मोजून लिहून ठेवावे आणि सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी, शक्यतो दार उघडण्यापूर्वीच, पुन्हा मोजावे, कारण काही गाड्यांची यंत्रणा दार उघडताच जागी होऊन उंची सावरू लागते. त्यानंतर साबणाचे पाणी शिंपडून बुडबुडे शोधणे हा जुना उपाय आजही तितकाच भरवशाचा आहे. एअर स्प्रिंगचे रबर जिथे दुमडून खाली-वर सरकते त्या घडीवर सर्वांत आधी बारीक भेगा पडतात. मात्र गाडी जॅकवर उचलली की घडी उलगडते आणि भेग लपते किंवा जागा बदलते, म्हणून तपासणी शक्यतो चाकांवर भार असताना करावी. थंडीत रबर आखडत असल्याने काही गळत्या केवळ थंड रात्रींनंतरच दिसतात, आणि असा ग्राहक दुपारी गॅरेजमध्ये पोहोचला की गाडी निर्दोष ठरते. मोजमापांचा कागद अशा वेळी उपयोगी पडतो.

आठवडेच्या आठवडे उभ्या असलेल्या गाडीने थोडी उंची गमावली, तर तो दोष समजण्याचे कारण नाही. एका रात्रीत दोन बोटे खाली आलेल्या गाडीला मात्र ही सवलत देता येत नाही.

कंप्रेसर (स्प्रिंगांत हवा भरणारा पंप) जळाला असे सांगण्यात आले आहे. तो बदलला की काम संपले का?

बहुतेक वेळा नाही, आणि या एका गैरसमजामुळे जितका पैसा वाया जातो तितका बहुधा दुसऱ्या कशानेही जात नाही. हा कंप्रेसर अखंड चालण्यासाठी बनवलेलाच नसतो. थोडा वेळ चालून हवा भरायची, मग थांबून निवायचे, अशी त्याची रीत असते. कुठेतरी स्प्रिंग गळू लागली की हरवलेली हवा भरून काढण्यासाठी तो पुन्हापुन्हा सुरू होतो, तापतो, तापमान मर्यादेबाहेर गेल्यामुळे बंद पडतो, निवला की परत सुरू होतो, आणि या चक्रात त्याची पिस्टन रिंग झिजून दाब तयार होईनासा होतो. म्हणजे मेलेला कंप्रेसर हा पुष्कळदा आजार नसून आजाराचा परिणाम असतो. गळती तशीच ठेवून नवा कंप्रेसर बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो.

कंप्रेसरसोबत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. त्याचा रिले (त्याला वीज जोडणारा-तोडणारा स्विच) चिकटला, तर कंप्रेसर गाडी बंद असतानाही चालत राहतो, बॅटरी उतरते आणि मोटर जळते. रिलेची किंमत इतकी किरकोळ असते की नव्या कंप्रेसरला जुना रिले ठेवणे म्हणजे निव्वळ चिक्कूपणा होय. दुसरी गोष्ट म्हणजे हवेतील ओलावा शोषणारा ड्रायर. त्यातील दाणे वर्षानुवर्षांनी निकामी होतात किंवा त्यांची पूड होते. मग ओलावा आणि ती पूड व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये शिरते, आणि कडक थंडीत तो ओलावा गोठून व्हॉल्व्ह अडकतात. काही कंप्रेसरांची पिस्टन रिंग आणि ड्रायरचे दाणे स्वतंत्रपणे मिळतात. मोटर धड असेल आणि सिलिंडरवर खोल चरे नसतील, तर ही दुरुस्ती नव्या कंप्रेसरच्या खर्चाच्या छोट्याशा भागात होते.

गतिरोधकावरून जाताना खालून ठकठक आवाज येतो. कोणता भाग बदलावा?

आवाज ऐकून भाग मागवू नये, इतकेच या प्रश्नाचे खात्रीलायक उत्तर दूरवरून देता येते. तरीही आवाजाची जात ओळखल्यास शोध आटोपशीर होतो. संथ वेगात खडबडीत रस्त्यावर येणारी हलकी, सुटी खडखड ही पुष्कळदा स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडीचे कलणे कमी करणाऱ्या आडव्या दांड्याच्या) लिंक रॉडची किंवा त्या बारच्या रबरी बुशची असते, आणि सस्पेन्शनमधील सर्वांत स्वस्त दुरुस्त्यांमध्ये तिची गणना होते. ब्रेक लावताना किंवा सोडताना एकदाच येणारा जड ठोका लोअर आर्मच्या मोठ्या बुशकडे नेतो. आलिशान गाड्यांत हे बुश पुष्कळदा तेलाने भरलेले असतात. रबर चिरले की तेल बाहेर येते, त्याचा काळपट ओघळ दिसतो, आणि ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरू लागते. ही थरथर ब्रेक डिस्क वाकल्याची खूण समजून डिस्क बदलल्या जातात आणि थरथर तशीच राहते, हा अनुभव अनेकांच्या वाट्याला येतो.

जागेवर उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरवताना करकर किंवा स्प्रिंग उसळल्यासारखा आवाज येत असेल, तर स्ट्रटच्या वरच्या माउंटमधील बेअरिंग पाहावे. बॉल जॉइंटमधील ढिलेपणा चाक उचलून, पहारीने आर्म हलवून तपासला जातो. तो निघाला तर इतर सर्व कामे बाजूला ठेवून आधी तो बदलावा, कारण सुटलेला बॉल जॉइंट म्हणजे सुटलेले चाक. पोलादी स्प्रिंगचे सर्वांत खालचे वेटोळे गंजून तुटलेले असणेही जुन्या गाड्यांत, विशेषतः समुद्रकिनारी किंवा बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चाललेल्या गाड्यांत, सर्रास आढळते. तुकडा खालच्या वाटीत तसाच बसून राहिल्यामुळे तो सहज दिसत नाही.

वर्षभरापूर्वी बदललेले बुश पुन्हा फाटले. भाग बनावट होते का?

असू शकतात, परंतु भागावर आळ घेण्यापूर्वी तो कसा बसवला गेला हे विचारावे. रबरी बुशची आतली आणि बाहेरची नळी रबराने एकमेकींना चिकटलेली असते आणि आर्म हलतो तेव्हा ते रबर पिळले जाते. गाडी लिफ्टवर असताना चाके खाली लोंबत असतात. त्याच अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांतच फाटते. म्हणून बोल्ट आधी हलके लावून, सस्पेन्शन नेहमीच्या उंचीवर आणून, मगच ठरलेल्या टॉर्कने आवळायचे असतात. हे काम पाच-दहा मिनिटांचे असते, पण घाईत नेमके तेच वगळले जाते.

शॉक अॅब्सॉर्बर गेला आहे हे कसे ओळखावे, आणि एकच बदलला तर चालेल का?

बाहेरून तेलाचा पुसट थर दिसणे आणि तेल ओघळून खाली थेंब जमणे यांत फरक आहे. पहिल्यावर लक्ष ठेवावे, दुसरा आढळल्यास भाग बदलावा. कोपरा दाबून सोडल्यावर गाडी किती वेळा हलते ही जुनी परीक्षा साध्या शॉक अॅब्सॉर्बरला ढोबळमानाने लागू पडते, पण नियंत्रित शॉक अॅब्सॉर्बरच्या बाबतीत तिच्यावरून निष्कर्ष काढू नये. तिथे व्हॉल्व्हचा विद्युतदोष संगणकात नोंदला जातो, परंतु आतले तेल आणि सील थकले असतील तर संगणकाला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून ‘स्कॅनमध्ये काही आले नाही’ या वाक्याचा अर्थ ‘शॉक अॅब्सॉर्बर ठीक आहेत’ असा घेऊ नये. एका अॅक्सलवरचे दोन्ही भाग एकत्र बदलावेत, नाहीतर वळणावर आणि जोरात ब्रेक लावताना गाडीच्या दोन बाजू वेगळ्या वागतात.

मर्सिडीजच्या एबीसी यंत्रणेबद्दल भीती घातली जाते. ती कितपत खरी आहे?

अॅक्टिव्ह बॉडी कंट्रोल म्हणजे एबीसी १९९९ साली सीएल कूपेमध्ये आली. तिच्यात प्रत्येक चाकाला पोलादी स्प्रिंगबरोबर एक हायड्रॉलिक सिलिंडर असतो आणि सुमारे २०० बार दाबाचे तेल वळणावर गाडीला कलू देत नाही. यंत्रणा धड असताना जड गाडी ज्या सपाटपणे वळते ते पाहण्यासारखे असते. भीतीचे कारण यंत्रणेच्या नाजूकपणापेक्षा मालकांच्या चालढकलीत अधिक आहे, असे माझे मत आहे. नायट्रोजन भरलेले अॅक्युम्युलेटर (तेलाच्या दाबाचे धक्के सोसणारे गोळे) वयाबरोबर दाब गमावतात आणि आतला पडदा फुटतो. मग दाबाचे धक्के थेट नळ्यांवर आणि व्हॉल्व्ह ब्लॉकवर बसतात. जुनी नळी फुटली, तेल गळाले आणि लाल इशारा दिसूनही गाडी तशीच पुढे चालवली, की पंप कोरडा पडून खराब होतो आणि त्याचा धातूचा कीस सगळ्या यंत्रणेत पसरतो. वेळीच बदललेले तेल, फिल्टर आणि अॅक्युम्युलेटर यांचा खर्च त्यापुढे किरकोळ ठरतो. पूर्वीच्या देखभालीचा कागद नसलेली एबीसी गाडी घेणाऱ्याने ही सगळी कामे आपल्याच माथी येणार असे गृहीत धरावे.

गॅरेजने दिलेल्या अंदाजपत्रकात नेमके काय पाहावे?

प्रथम निदानाची ओळ पाहावी. निदानासाठी वेगळी मजुरी लावणारे गॅरेज महाग वाटते, परंतु ज्या अंदाजपत्रकात निदान नाही आणि थेट चार एअर स्प्रिंगा, कंप्रेसर आणि व्हॉल्व्ह ब्लॉक अशी यादी आहे, तिथे तपासणीचा खर्च अंदाजाने बदललेल्या भागांतून तुमच्याकडूनच वसूल होत असतो. दोष कोणत्या चाचणीने सिद्ध झाला, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

त्यानंतर भाग आणि मजुरी वेगवेगळी मांडली आहे का ते पाहावे, कारण दोन्हींचे प्रमाण कामागणिक पालटते. लिंक रॉडमध्ये दोन्ही खर्च थोडे असतात. बुशच्या बाबतीत भाग स्वस्त असून जुना बुश प्रेसवर काढण्याची मजुरी जास्त असते, त्यामुळे कधीकधी नवा बुश बसवलेला अख्खा आर्म घेणेच परवडते. एअर स्ट्रटमध्ये याच्या उलट असते : काम फार लांबत नाही, पण भागच महाग असतो. गंजलेल्या बोल्टांसाठी थोडी जास्तीची तरतूद ठेवलेली असेल, तर त्यात वावगे काही नाही. ऑडीच्या मल्टिलिंक पुढच्या अॅक्सलवर वरचे आर्म धरून ठेवणारा आडवा पोलादी बोल्ट अॅल्युमिनियमच्या नकलमध्ये (चाक ज्यावर बसते त्या ओतीव भागात, इंग्रजीत knuckle) जाम होतो, आणि एका तासाचे काम या एकाच बोल्टपायी दिवसावर जाते. ज्याने हे काम एकदा केले आहे तो कारागीर तुम्हाला हे आधीच सांगेल. न सांगणाऱ्याने बहुधा ते केलेले नसते.

शेवटच्या ओळींत व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) आणि, लागू असेल तिथे, उंचीचे कॅलिब्रेशन असलेच पाहिजे. आर्म बदलून अलाइनमेंट न करणे म्हणजे वाचवलेले पैसे टायरांवर घासून टाकणे होय. एकाच जागी पुन्हा हात घालावा लागणार असेल, तर शेजारचे थकलेले भाग त्याच वेळी बदलून घ्यावेत, कारण उघडण्याची मजुरी एकदाच पडते. मात्र ‘उघडलेच आहे तर’ या नावाखाली धडधाकट भागही यादीत शिरतात, त्यांवर नजर ठेवावी.

मूळ कंपनीच्या डब्यातला भाग घ्यावा की दुसऱ्या डब्यातला?

गाडी बनवणाऱ्या कंपन्या सस्पेन्शनचे बरेचसे भाग स्वतः बनवत नाहीत. बिल्स्टाइन, झाक्स, लेमफर्डर, कॉन्टिनेन्टल, वॅबको यांसारखे उत्पादक ते पुरवतात आणि त्यांतील अनेक भाग त्यांच्या स्वतःच्या डब्यातही विकतात. त्या डब्यातला भाग बहुधा कमी किमतीत तोच दर्जा देतो. आर्म, बुश आणि लिंक यांच्या बाबतीत मी हाच मार्ग सुचवेन. नाव नसलेल्या, अतिशय स्वस्त एअर स्प्रिंगांपासून दूर राहावे. पुनर्निर्मित स्ट्रट घेताना नुसते रबर बदलले आहे की आतला शॉक अॅब्सॉर्बरही तपासला आहे, हे विचारावे. भंगारातल्या गाडीतून काढलेली एअर स्प्रिंग घेऊ नये, कारण तिचे रबर तुमच्या फाटलेल्या स्प्रिंगइतकेच वृद्ध असते. वापरलेला सेन्सर किंवा अॅल्युमिनियमचा नकल मात्र खुशाल घ्यावा.

हवेचे सस्पेन्शन काढून पोलादी स्प्रिंगा बसवणे शहाणपणाचे आहे का?

खर्चाच्या दृष्टीने ते आकर्षक आहे, आणि ज्या गाडीची किंमतच उरलेली नाही तिला आणखी काही वर्षे चालती ठेवायची असेल, तर मी त्याला नाव ठेवणार नाही. परंतु काय गमावले जाते ते जाणून घ्यावे. हवेच्या स्प्रिंगची कडकता भाराबरोबर वाढते, म्हणून एक माणूस असो वा पाच माणसे आणि सामान असो, गाडीची उंची आणि चाल जवळपास तीच राहते. पोलादी स्प्रिंग एकाच भारासाठी बेतलेली असते. शिवाय संगणकाला हवेची यंत्रणा नाहीशी झाल्याचे कळते; त्याचे कोडिंग नीट केले नाही, तर इशाऱ्याचा दिवा कायम जळत राहतो, आणि या बदलासाठी मिळणारे काही संच तो दिवा नुसता झाकून टाकतात. पुढील विक्रीच्या वेळी जाणकार खरेदीदार हा बदल लगेच ओळखतो. तुमच्या प्रदेशातील वाहन तपासणीचे नियम आणि विम्याच्या अटी आधी पाहून घ्याव्यात.

इशाऱ्याचा दिवा लागला असताना गाडी चालवावी का? आणि घरी जॅक लावावा का?

गाडी नेहमीच्या उंचीवर असेल, तर संथपणे गॅरेजपर्यंत नेता येते. ती पूर्ण बसली असेल तर नेऊ नये, कारण चाक वरच्या अस्तराला घासते, टायर फाटतो आणि रिकामी एअर स्प्रिंग स्वतःच्याच घडीत चिरडली जाते. याच कारणाने नवी एअर स्प्रिंग बसवल्यावर तिच्यात हवा भरण्यापूर्वी गाडीचा भार तिच्यावर कधीही सोडू नये.

जॅक लावण्यापूर्वी गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे उंची-नियंत्रण बंद करावे; न केल्यास यंत्रणा उचललेले चाक पाहून हवा सोडते आणि गाडी अचानक खाली येते. केवळ हवेच्या किंवा तेलाच्या दाबावर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरासाठीसुद्धा, जाऊ नये. पक्के स्टँड लावूनच खाली जावे. हवेच्या टाकीतील दाब पुष्कळ गाड्यांत १० बारच्या वर असतो, त्यामुळे नळी सोडवण्याआधी दाब उतरवावा.

टायर आतल्या कडेनेच का झिजतात?

गाडी नेमलेल्या उंचीपेक्षा खाली बसली, की अनेक रचनांमध्ये चाकांचा वरचा भाग आत झुकतो. सदोष सेन्सर किंवा खचलेली स्प्रिंग असताना केलेले अलाइनमेंट निरुपयोगी ठरते, म्हणून आधी उंची, मग अलाइनमेंट.

वापरलेली गाडी पाहायला जाताना सस्पेन्शनची तपासणी कशी करावी?

मी पोहोचेपर्यंत गाडी सुरू करू नका, असे विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगावे. पोहोचल्यावर इंजिन गरम लागले, तर त्याचे कारण विचारावे. थंड गाडी चारही कोपऱ्यांवर समान उभी आहे का ते पाहावे, मग ती सुरू करून उंची सर्वांत वर आणि सर्वांत खाली न्यावी. वर जाताना ती रखडत असेल, कंप्रेसर घरघरत असेल किंवा एखादा कोपरा मागे राहत असेल, तर ते सगळे सौद्यात धरावे. टायरांच्या आतल्या कडांवरून हात फिरवावा. रबर नवे आणि आर्म जुने असतील, तर झीज लपवली गेलेली असू शकते. चालवताना खिडक्या खाली आणि संगीत बंद ठेवावे, एका खडबडीत रस्त्याने संथ आणि एका सपाट रस्त्याने वेगात जावे, आणि ब्रेक हळूही लावून पाहावा. शेवटी गाडी लिफ्टवर चढवू न देणाऱ्या विक्रेत्याचा निरोप घ्यावा.

सगळे एकदम करणे परवडत नाही. कोणत्या क्रमाने जावे?

आधी बॉल जॉइंट, टाय रॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारी दांडी) आणि तुटलेली स्प्रिंग, कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. त्यानंतर गळती, मग ती कितीही लहान असो, कारण ती थांबेपर्यंत कंप्रेसरचे आयुष्य रोज खर्ची पडत असते. नंतर फाटलेले बुश आणि थकलेले शॉक अॅब्सॉर्बर. अलाइनमेंट सर्वांत शेवटी. खडखडणारी लिंक रॉड रांगेत थांबू शकते. तिचा आवाज सर्वांत मोठा असला तरी.